मांजरीचं ऑपरेशन: कोणत्या वयात करायचं, आणि पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

मुंबईत काळाचौकीच्या चाळीत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलाने भर पावसात जिन्याखालून मांजरीचं पिल्लू उचलून घरी आणलं. तिरंगी, अंदाजे तीन महिन्यांचं. त्याचा पिवळा भाऊ शेजारच्या खोलीत गेला. एका क्लिनिकने नसबंदीचा जो आकडा सांगितला तो ऐकून ताई परतल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘वर्षाची होऊ द्या, मग बघू’ असं सांगितलं. सासूबाई म्हणतात, एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मुक्या जिवाचा तळतळाट कशाला घ्यायचा. तर नेमकं कधी करायचं, आणि परवडेल असं कुठे होईल?

ताई, आधी सरळ उत्तर देते, मग कारणं. साडेचार ते पाच महिन्यांची झाली की करून टाका. वर्षभर थांबू नका, पहिल्या माजाची वाट बघू नका, पिल्लांची तर नकोच. आणि पैशांचं म्हणाल तर वय आणि खर्च हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. वेळेवर केलेलं ऑपरेशन सगळ्यात स्वस्त पडतं. उशीर झाला की आधी माज, मग गाभण, मग पिल्लांचं दूध-औषध, आणि शेवटी ऑपरेशन करावंच लागतं, तेही जास्त पैसे मोजून.

तिरंगी आहे म्हणजे मादी असणार हे जवळजवळ नक्की. काळा आणि पिवळा हे दोन्ही रंग एकाच मांजराच्या अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात. तिरंगी बोका निघतो, पण तो फारच विरळा. पिवळ्यांत उलट, बहुतेक बोकेच असतात. तरी पहिल्या तपासणीत दोघांचंही शेपटीखाली बघून घ्यायला सांगा. ‘बोका’ म्हणून वाढवलेली आणि नंतर पोट दिसायला लागल्यावर माझ्या टेबलावर आलेली मांजरं मी भरपूर पाहिली आहेत.

आता वयाचं. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, त्यामुळे लोकांना वाटतं मांजरीचंही तसंच असेल. मांजरीचं गणित वेगळं आहे. तिचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो. थंड देशांत हिवाळ्यात दिवस आखूड होतो, तेव्हा मांजरी काही महिने शांत असतात. मुंबईत डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा, वर घरात रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट. म्हणजे आपल्या मांजरींना सुट्टीचा मोसम असा फारसा नाहीच. काही पिल्लं चौथ्या महिन्यातच माजावर येतात, पाच-सहा महिन्यांत तर बरीच. अंगाने मात्र ती अजून पिल्लंच असतात, म्हणून घरच्यांच्या डोक्यातही येत नाही.

माज कसा ओळखायचा? मांजरी जमिनीवर लोळते, सतत आणि वेगळ्याच सुरात ओरडते, पाठीवरून हात फिरवला की पुढून वाकते, मागचा भाग वर करते आणि शेपूट बाजूला घेते. ‘डॉक्टर, हिच्या कमरेला काहीतरी लागलंय, रात्रभर विव्हळते’ असं सांगत लोक येतात. लागलेलं काहीच नसतं. बोका मिळाला नाही तर हे काही दिवस चालतं, थांबतं, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुरू होतं. कारण मांजरीत बीज सुटतं ते बोक्याशी संग झाल्यावर. तोवर शरीर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं. चाळीत सामायिक गॅलरी, उघडी दारं, आणि आसपासच्या मच्छीबाजारातले बोके. अशा ठिकाणी तुम्ही तिला आठवडाभर आत कोंडून ठेवाल हे मला पटत नाही. आणि शेजारी गेलेला तो भाऊ! मांजरांत भाऊ-बहीण हे नातं वयात येईपर्यंतच.

गाभण राहिली की दोन महिने आणि वर दोन-चार दिवसांत ती विते. साधारण तीन ते पाच पिल्लं. अंगावर पिल्लं पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. शिवाय पाच-सहा महिन्यांची मांजरी म्हणजे स्वतःच्याच हाडांची वाढ चालू असलेलं जनावर. तिच्या लहान कमरेत पिल्लू अडकलं तर मध्यरात्री सिझेरियन करावं लागतं. नसबंदीच्या बिलाशी त्याची तुलनाच करू नका.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा. एकदा पिल्लं झाली की मांजरी शांत होते किंवा तिची तब्येत सुधारते याला आधार नाही. उलट २००५ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मांजरींच्या स्तनांच्या कर्करोगावरचा. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये हा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला. सात ते बारा महिन्यांत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. दुसऱ्या वर्षात झालेल्यांत जेमतेम ११ टक्के, आणि त्यानंतर काहीच फायदा नाही. पिल्लं झाली होती की नव्हती, याने काही फरक पडला नाही. मांजरीच्या स्तनाची गाठ बहुतेक वेळा कर्करोगाचीच निघते, कुत्रीसारखं अर्धं-अर्धं नसतं. दहा-बारा वर्षांची लाडकी मांजरी पोटाला फुटलेली गाठ घेऊन येते तेव्हा तळतळाट कशाला म्हणतात ते दिसतं. गर्भाशयात पू होण्याचा आजारही आहे. गर्भाशयच काढलेलं असलं की तो प्रश्न मिटतो.

‘वर्षाची होऊ द्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी वाईट म्हणणार नाही. आम्ही शिकलो तेव्हा सहा महिने ते वर्ष हेच पुस्तकात होतं, आणि लहान जनावराला भूल द्यायची भीती खरी होती. तेव्हाची औषधं वेगळी, देखरेखीची साधनं कमी. आता परदेशातल्या निवाऱ्यांत दोन महिन्यांच्या, किलोभर वजनाच्या पिल्लांचीही ऑपरेशनं होतात आणि ती व्यवस्थित वाढतात. घरच्या पिल्लासाठी इतकी घाई मी करत नाही. तिथे दत्तक देण्याआधी उरकायचं असतं म्हणून करतात. पाच महिने व्हायच्या आत करा, असा आग्रह मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनाही आता धरतात. बोक्यांच्या बाबतीत एक जुनी शंका नेहमी विचारली जाते: लवकर केलं तर लघवीची नळी बारीक राहते आणि पुढे लघवी अडकते का? हे तपासून पाहिलं गेलंय, नळीच्या रुंदीत तसा फरक सापडला नाही. लघवी अडकते ती लठ्ठपणाने, पाणी कमी प्यायल्याने, नुसत्या कोरड्या खाण्याने आणि ताणाने. लवकर केलेल्या मांजरांची पायांची हाडं थोडी जास्त लांब होतात, हे मात्र खरं. त्याने काही बिघडत नाही.

रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचं वय सांगायला जन्मतारीख नसते, म्हणून दात बघायचे. पुढचे बारीक दुधाचे दात पडून पक्के यायला साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास सुरुवात होते, सुळे पाचव्या महिन्याच्या आसपास बदलतात. घरी अधूनमधून जमिनीवर तांदळाच्या कणीएवढा दात सापडला तर घाबरू नका. वजनाचा अंदाज असा: नीट खाणारं पिल्लू महिन्याला साधारण साडेचारशे ग्रॅम वाढतं, म्हणजे चौथ्या महिन्यात पावणेदोन किलोच्या आसपास. जिन्याखालची पिल्लं मागे असतात, जंत असतात, पिसवा रक्त पितात. मुंबईतले बरेचसे सर्जन दीड ते दोन किलो झाल्यावर घ्यायला तयार होतात. किराणा दुकानातल्या काट्यावर डब्यात बसवून दर रविवारी वजन करा आणि लिहून ठेवा. सलग दोन आठवडे वजन वाढलं नाही तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तपासणी.

तुमचं वेळापत्रक जुळून आलेलं आहे, म्हणून सांगते. या आठवड्यात तपासणी, जंताचं औषध, पिसवांचा बंदोबस्त, आणि तब्येत बरी असेल तर पहिली तिहेरी लस. तीन-चार आठवड्यांनी दुसरी, तेव्हाच रेबीजची. त्यानंतर दोन आठवड्यांनी ऑपरेशन. बरोबर साडेचार-पाच महिने. तिहेरी लसीचा शेवटचा डोस चार महिने पूर्ण झाल्यावर पडायला हवा, म्हणजे आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आड येत नाही. तुमच्या अंदाजात थोडं मागेपुढे असेल तर तो डॉक्टर ठरवतील. लस आधी का, तर पॅनल्यूकोपेनिया नावाचा आजार आपल्याकडच्या पिल्लांना सर्रास मारतो. त्याचा विषाणू पिंजऱ्यात, टेबलावर, लोकांच्या चपलांवरही महिनोन्‌महिने टिकतो. बिनलसीचं पिल्लू दवाखान्यात दिवसभर ठेवणं मला आवडत नाही. पिसवांसाठी एक ताकीद: कुत्र्याच्या पिसवांचं औषध मांजरीला कधीही लावू नका. बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, मांजराला झटके येतात आणि ते मरतं. ‘थोडंसंच लावलं’ म्हणून चालत नाही.

शिंका, डोळ्यांतून पाणी, जुलाब यांपैकी काही चालू असेल तर तारीख पुढे ढकला. पावसाळ्यात सर्दीची साथ असतेच.

आता पैसे. आकडे मी मुद्दाम लिहीत नाही. दादरचा दर आणि दहिसरचा दर वेगळा, आणि दोन्ही बदलत राहतात. त्यापेक्षा बिल कशाचं असतं ते समजून घ्या. भुलीची औषधं आणि गॅस, निर्जंतुक साहित्य आणि धागा, सर्जनची फी, मदतनीस, वेदनाशामक, आणि जागेचं भाडं. मुंबईत यातला शेवटचा भाग किती मोठा ते सांगायला नको. मादीचं बिल नरापेक्षा जास्त येणारच, कारण तिचं पोट उघडावं लागतं. त्यात लुबाडणूक नाही.

तुम्ही काळाचौकीला राहता, म्हणजे परळ तुमच्या दाराशी. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल तिथेच आहे, आणि १८८६ साली सुरू झालेलं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही. लोक त्याला नुसतं ‘परळचं जनावरांचं हॉस्पिटल’ म्हणतात. खासगी क्लिनिकच्या मानाने तिथे दर बरेच कमी असतात. किंमत मोजायची ती वेळेची: रांग, केस पेपर, पुन्हा या, तारीख घ्या. पहिल्या लसीलाच तिथे जाऊन मांजरींच्या ऑपरेशनचे दिवस विचारून घ्या, म्हणजे महिना-दीड महिना आधी नंबर लागेल. गर्दीत मांजरी पिंजऱ्यातून बाहेर काढू नका, वर चादर टाका. कुत्र्यांच्या रांगेपासून जितकं लांब बसता येईल तितकं बसा.

दुसरा मार्ग संस्थांचा. फिलाइन फाउंडेशन, इन डिफेन्स ऑफ अॅनिमल्स, मालाडची अहिंसा अशा संस्था मुंबईत मांजरांसाठी काम करतात. महापालिकाही संस्थांमार्फत भटक्या मांजरांची नसबंदी करते. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. फुकट किंवा नाममात्र दराची जागा ही मुळात रस्त्यावरच्या मांजरांसाठी असते, आणि तिथे ऑपरेशननंतर कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे त्या मांजरीला पुन्हा कोणी पकडून नेत नाही. पाळलेली मांजरी ‘रस्त्यावरची आहे’ म्हणून नेली तर तिचा कान कापला जाईल आणि एका भटक्या मांजरीचा नंबर जाईल. त्यापेक्षा खरं सांगा: पिल्लू उचलून आणलेलं आहे, सांभाळणार आहोत, पूर्ण दर झेपत नाही. बऱ्याच ठिकाणी अशा लोकांसाठी सवलतीचा दर असतो किंवा ते सवलत देणारा डॉक्टर सुचवतात. तुमच्या गल्लीत रोज संध्याकाळी मांजरांना खायला घालणारं कोणीतरी असेलच. त्या बाईंना विचारा. कोणता डॉक्टर मांजरींवर हात बसलेला आहे, कुठे दर वाजवी आहे, कोण फोन उचलतं, ही माहिती त्यांच्याकडे माझ्यापेक्षा ताजी असते.

तिसरा मार्ग, जवळचंच क्लिनिक, पण बोलून. शेजाऱ्यांच्या बोक्याचं आणि तुमच्या मांजरीचं एकाच दिवशी ठेवा आणि दोघांचं मिळून विचारा. सरळ म्हणा, ‘डॉक्टर, एवढे आहेत, यात काय बसतं?’ आम्हाला हे ऐकायची सवय आहे, आणि बिल हप्त्याने घेणारे डॉक्टरही आहेत. गयावया करू नका, भांडूही नका. फोनवर दर विचारताना मात्र पूर्ण विचारा: यात भूल, वेदनाशामक, घरी द्यायची औषधं, कॉलर, टाके काढणं आणि पुढची तपासणी धरली आहे का? एकाने स्वस्त सांगितलेला आकडा आणि दुसऱ्याने महाग सांगितलेला आकडा शेवटी सारखेच निघतात, असं बरेचदा होतं.

वाचवायचं कुठे? चार-पाच महिन्यांच्या, खेळत्या, गुलाबी हिरड्यांच्या पिल्लाला रक्ताच्या डझनभर तपासण्या लागत नाहीत. एक साधी रक्ततपासणी पुरते, आणि पिल्लू फिकट असेल तर ती टाळायची नाही. सगळं सुरळीत झालं असेल तर मुक्काम लागत नाही. संध्याकाळी घरी नेता येतं. स्वच्छ ऑपरेशनला आठवडाभराच्या अँटिबायोटिकची गरज सहसा नसते. महागडी कॉलरही नको. जुन्या मोज्याला किंवा लेगिंगच्या पायाला चार भोकं पाडून केलेला झगा लहान मांजरीला झकास बसतो, आणि ती प्लास्टिकच्या कॉलरपेक्षा त्यात कमी चिडते.

आणि कुठे वाचवायचं नाही? वेदनाशामकावर. शरीर गरम ठेवण्यावर. आणि भूल दिल्यापासून शुद्धीवर येईपर्यंत लक्ष ठेवायला एक माणूस असण्यावर. एवढ्या लहान जिवाचं तापमान टेबलावर भराभर उतरतं, आणि थंड पडलेलं पिल्लू शुद्धीवर यायला वेळ लावतं. म्हणून क्लिनिकला तीन प्रश्न विचारा: दुखण्यासाठी काय देता, गरम कसं ठेवता, आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण असतं. उत्तर गुळमुळीत आलं तर दर कितीही कमी असो, दुसरीकडे जा. महिन्यात किती मांजरी करता, हेही विचारायला लाजू नका. रोज मांजरी करणारा धर्मादाय दवाखान्यातला सर्जन हा चकचकीत क्लिनिकमध्ये महिन्यातून एक करणाऱ्यापेक्षा बरा.

स्वस्त म्हणून अजून एक वाट दाखवली जाते: माज थांबवायची गोळी किंवा इंजेक्शन. मेडिकलवाला देतो, शेजारीण सांगते. नका देऊ. ही हॉर्मोनची औषधं आहेत. त्यांनी स्तन सुजतात, गर्भाशयात पू होतो, मधुमेह होऊ शकतो. अशा मांजरीचं पुढे जे तातडीचं ऑपरेशन करावं लागतं ते साध्या नसबंदीच्या कितीतरी पट महाग पडतं, आणि त्यात मांजरी वाचेलच असंही नाही.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल. मोठ्या मांजरीसारखं रात्रभर उपाशी ठेवू नका. पिल्लाची साखर लवकर उतरते. तीन-चार तास पोट रिकामं पुरतं, आणि पाणी घरातून निघेपर्यंत चालतं. क्लिनिकने रात्री आठपासून काही देऊ नका असं सांगितलं तर वय आणि वजन सांगून पुन्हा विचारा. पिंजरा नसेल तर भाजीच्या दोन प्लास्टिकच्या टोपल्या तोंडाला तोंड लावून दोरीने घट्ट बांधा, आत जुना टॉवेल घाला. कापडी पिशवीत किंवा ओढणीत गुंडाळून आणू नका. टॅक्सीचा हॉर्न वाजला की मांजरी सुटते, आणि लालबागच्या रस्त्यावर सुटलेली मांजरी सापडत नाही.

आत काय होतं, तेही सांगते, कारण सासूबाईंना बहुधा त्याचीच धास्ती आहे. भूल चढली की पोटाचा मधला भाग किंवा एका कुशीचे केस काढतात. बोटाच्या एका पेराएवढी चीर, कधी त्याहून लहान. आकड्याच्या टोकाने गर्भाशयाचं शिंग बाहेर ओढून घेतलं की त्याच्या टोकाला अंडाशय दिसतं, कोवळ्या मटारच्या दाण्याएवढं. त्याच्या रक्तवाहिनीला गाठ मारायची, कापायचं, गाठ सुटत नाही ना बघायचं, तोच क्रम दुसऱ्या बाजूला, मग गर्भाशय काढायचं. या वयात आत चरबी नसते, रक्तवाहिन्या बारीक असतात, सगळं स्वच्छ दिसतं. रक्त जेमतेम बोळ्याला लागतं. हीच मांजरी दोन वर्षांची, जाडजूड, माजावर असताना आली तर त्याच चिरेतून चरबी बाजूला सारत काम करावं लागतं आणि रक्तही जास्त येतं. बोक्याचं तर त्याहून सोपं: दोन बारीक चिरा, नळीलाच गाठ, टाके बहुतेक नाहीतच. मात्र बोक्याच्या दोन्ही गोळ्या, म्हणजे वृषणं, खाली उतरल्या आहेत ना, हे तपासणीत बघायला सांगा. एक पोटात राहिली असेल तर तीही शोधून काढावी लागते, आणि खर्च वाढतो.

घरी आणल्यावर पहिली रात्र एका लहान खोलीत, जमिनीवर. कपाट, फ्रिज, खिडकीची कड, काही नाही. झोकांड्या खात ती वर चढते आणि पडते. गॅलरीचं दार बंद. काही औषधांनी डोळे उघडेच राहतात आणि बुबुळं मोठी दिसतात, त्याने घाबरू नका. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवा, अंगाला थेट नको. नीट उभी राहायला लागली की चमचाभर खाणं द्या. दुसऱ्या दिवशी ती उड्या मारायला लागेल आणि तुम्ही म्हणाल, हिचं काही झालंच नाही. त्या वयाला असंच असतं. तरी आठ-दहा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत, आंघोळ नाही.

हिरड्या पांढऱ्या दिसल्या, चोवीस तास काही खाल्लं नाही, चीर ओली झाली, उघडली, किंवा ती लोळागोळा होऊन पडून राहिली, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन. चिरेच्या जागी छोटीशी घट्ट गाठ लागते, ती आतल्या धाग्याची असते, हळूहळू जाते. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, क्रोसिन, काहीही देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारते. जखमेवर डेटॉलही नको. ती चाटते, तोंड भाजतं, आणि मांजराच्या यकृताला ते पचत नाही.

शेजाऱ्यांना दोन गोष्टी सांगा. बोका ऑपरेशननंतरही काही आठवडे पिल्लं घालू शकतो, नळीत आधीचं बीज शिल्लक असतं. महिना-दीड महिना त्याला ऑपरेशन न झालेल्या मांजरीजवळ सोडू नये. आणि दारावर, गादीवर मुतून हद्द आखायची सवय वयात येण्याआधी ऑपरेशन झालेल्या बहुतेक बोक्यांना लागतच नाही. दहातला एखादा तरीही करतो.

ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराची गरज पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त घटते. इथेच मुंबईतली मांजरं गोल होतात. दहा-बारा महिने पिल्लांचं खाणंच द्या, पण मोजून, दिवसभर वाडगा भरून ठेवायचा नाही. उकडलेली मच्छी, कोंबडी अधूनमधून ठीक. नुसत्या मच्छी-भातावर पिल्लू वाढत नाही. रविवारचं वजन महिन्यातून एकदा तरी चालू ठेवा.

एक विचारायचं राहिलंय, ते मीच काढते. या दोघांची आई कुठे आहे? जिन्याखालीच असणार, आणि तुम्ही पिल्लं उचललीत तेव्हाच बहुधा ती पुन्हा माजावर आली असेल. तिचं झालं नाही तर दिवाळीपर्यंत जिन्याखाली आणखी चार-पाच. तिच्यासाठी मात्र संस्थेची भटक्या मांजरांची जागा हक्काची आहे. पिल्लं तीन महिन्यांची झाली आहेत, त्यामुळे तिला आता लगेच नेता येईल. अंगावर अजून दूध असेल तर तसं आधी सांगा, सर्जन पोटाऐवजी कुशीतून करतील. गाभण असली तरी ऑपरेशन होतं, पण जितकं लवकर तितकं तिला सोपं. पकडायला हाताने जाऊ नका. संस्थेकडे सापळ्याचा पिंजरा असतो, तो मागून घ्या. ज्या पहाटे पकडायचं त्याच्या आदल्या रात्री चाळीत कोणीही तिला खायला घालणार नाही, एवढं दोन्ही मजल्यांवर सांगून ठेवा. पिंजऱ्यात तळलेल्या बांगड्याचा तुकडा अगदी मागच्या टोकाला ठेवा, आणि दार पडलं की लगेच वर चादर टाका.